दुसरा शब्द

“दोनच शब्द पाठ करा, बाकी देव पाहून घेते,” उकंडराव म्हणाला.

बीबी गावातून तिरुपतीला जाऊन आलेला तो एकटाच माणूस. महाराष्ट्र झाला त्या साली गेला होता, आणि तेव्हापासून गावात त्याचा भाव जो चढला तो काही उतरेना. दिवाळीनंतर तो आणखी काही जणांना घेऊन जाणार होता, आणि त्या मंडळींची बैठक गोविंदरावाच्या ओट्यावर भरली होती. जालन्याहून रेल्वे, काचीगुड्याला गाडी बदलायची, हे सांगून झालं. तिथं भाकर मिळत नाही, सकाळ-संध्याकाळ भातच, हेही सांगून झालं. त्यावर शेजारच्या मंजुळाबाईनं “माय वं! मंग पोट कशानं भरते?” असं विचारूनही झालं.

“पह्यला शब्द, नीळ्ळु. नीळ्ळु म्हंजे पाणी.”

बाया हसत हसत नीळ्ळु म्हणाल्या. घरधनीण जनकाबाई सगळ्यांत मोठ्यानं. तिला नव्याची भारी हौस. तिकडच्या बाया डोक्यात कोणती फुलं माळतात, देवाचे डोळे झाकलेले काऊन असतात, एवढा डोंगर चढून वर गार लागते का, सगळं तिनं उकंडरावाला खोदून खोदून विचारलं होतं.

“आता दुसरा. डोंगर चढताना पायरी पायरीले म्हणा लागते, अन् तोंड भरून म्हणा लागते. मुक्यानं चढला त्याचा नवस फिटत नाही. म्हणा, गोविंदा!”

“गोविंदा!” सगळे ओरडले. जनकाबाई सोडून.

मंजुळाबाईनं टाळीच वाजवली. “झाली का फजिती! जनके, तू काय म्हणशील वं आता?”

ओटा हसून हसून लोटपोट झाला. जनकाबाईचा नवरा गोविंदराव कोपऱ्यात दावं वळत बसला होता. त्यानं मान वर केली नाही, वळतच राहिला.

जनकाबाईनं नवऱ्याचं नाव लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, तेही पदर तोंडात धरून. त्यानंतर चाळीस वर्षं नुसतं ‘सहदेवचे बाप’. भजनात गोविंद आला की ती तोंड मिटून टाळ्या वाजवी. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी होतं, हे तिला आईनं सांगितलं होतं आणि आईला तिच्या आईनं. आणि नवस होता तो त्याच्याच आयुष्याचा! गेल्या पावसाळ्यात गोविंदराव तापानं अंथरुणाला खिळला, वैद्यानं हात टेकले, तेव्हा तिनं बालाजीला हात जोडले होते. “याइले वाचव देवा, तुया डोंगर पायी चढीन.” तो वाचला.

“देवाचं दुसरं नाव नाही का चालत?” तिनं उकंडरावाला विचारलं.

“तिथं हेच चालते. हजार माणूस एकच नाव घेते. तू मधातच येगळं काही म्हणशील तं देव बुचकळ्यात पडन.”

“अवो, तुमी तरी सांगा,” ती नवऱ्याकडे वळली.

“मले काय सांगा लावतं? तोंड तुयं हाय.”

गोविंदराव बोलला तर एवढंच बोलायचा. तो काही येणार नव्हता. बैलं आणि वांग्याची वाडी कोणाच्या भरवशावर सोडायची?

जनकाबाईला त्या दिवशी घास गोड लागला नाही. जावं तर तोंड उघडावं लागतं, न जावं तर नवस अंगावर राहतो. इकडे आड, तिकडे विहीर. दुसऱ्या दिवशी दुपारी ती विहिरीवरच गेली.

शेतात चिटपाखरू नव्हतं. गाडी-बैल जागेवर नव्हते, म्हणजे सहदेवचे बाप वांगी घेऊन बाजारात गेलेले. तिनं तरीही चहूकडे पाहिलं, मग काठावर बसून विहिरीत वाकली आणि हळूच म्हणाली, “गोविंदा.”

जीभ भाजली नाही. आभाळ पडलं नाही. तिनं जरा मोठ्यानं म्हणून पाहिलं. विहिरीनं ‘विंदा’ एवढंच परत केलं. तिला गंमत वाटली. एवढुसं नाव, आणि चाळीस वर्षं आपण त्याला भ्यायलो! मग तिनं उकंडरावानं सांगितलं तसं, तोंड भरून, होता नव्हता तेवढा जीव लावून हाक मारली.

“गोविंदाऽऽ!”

“ओऽऽ! आलो, आलो!”

वांग्याच्या ओळींतून गोविंदराव धावत आला. एका पायात वहाण, हातात खुरपं, तोंडावर रक्ताचा थेंब नाही. “काय झालं? पडली का कुठं? इचू चावला?”

जनकाबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. “तुमी तं बजारात…”

“गाडी सहदेव घेऊन गेला. झालं काय पण?”

“काही नाही. देवाले बोलावून राह्यलती.”

गोविंदराव धापा टाकत उभा राहिला. “मले वाटलं, मलेच.”

जनकाबाईचे डोळे भरून आले. “चुकलं माह्यं. एकडाव नाही, तीनडाव घेतलं मी. तुमचं आयुष्य…”

गोविंदरावानं खुरपं खाली ठेवलं आणि तिच्याशेजारी काठावर बसला.

“चाळीस वर्सं नाव न घेऊन लय जमवलं तू,” तो म्हणाला. “थोडं कमी झालं तं होऊ दे.”

ती डोळे पुसत राहिली.

“आवाज बारीक हाय तुया. डोंगरावर ऐकू नाही जाणार. अजून एकडाव म्हण.”

“देवाले?”

तो वांग्यांकडे पाहत राहिला.

जनकाबाईनं पदर सावरला, विहिरीकडे पाठ केली, आणि म्हणाली.

“ओ,” गोविंदराव म्हणाला.