नऊ नंबरचे पांढरे बूट

हॅडलीने अकराव्यांदा बेत बदलून ग्रुपवर टाकला. शुक्रवारी दुपारी नॅशव्हिलला पोचायचं, बागेत चहा घ्यायचा, शनिवारी वाद्यांचं संग्रहालय बघायचं, आणि दर दोन तासांनी टेकायला बाक. लगेच चार अंगठे वर आले. एक नवरीचा, म्हणजे तिच्या आजीचा, आणि तीन आजीच्या बोलिंगच्या टीममधल्या मैत्रिणींचे. कुणी हूं की चूं केलं नाही. खरं तर तिथेच तिला संशय यायला हवा होता, कारण या चौघी पिझ्झावर काय घालायचं यावरून अर्धा तास भांडणाऱ्या.

आजीचं नाव विल्माडीन, वय एकाहत्तर. नवरदेव हार्लन, जन्मभर नदीवर मालाचे पडाव ओढणारी टगबोट चालवून निवृत्त झालेला. "या वयात लग्न?" असं कुणी विचारलं की आजी म्हणायची, "तुमच्या का पोटात दुखतंय?" करवलीचा मान तिने नातीला दिला. आणि करवली म्हटल्यावर नवरीची लग्नाआधीची मौजमजा ठरवणं ओघानेच हॅडलीच्या गळ्यात आलं. शहर मात्र आजीने निवडलं. "नॅशव्हिल. दुसरं काही मी ऐकायची नाही."

नेमकं तेच शहर हॅडलीला नको होतं. एप्रिलमध्ये तिचं स्वतःचं लग्न व्हायचं होतं आणि त्याआधी हीच सहल, हेच शहर ठरलं होतं. लग्न तीन आठवड्यांवर आलं आणि होणाऱ्या नवऱ्याने, कोल्टनने, दिलेली दुसरी एक अंगठी मेम्फिसमधल्या एका मुलीच्या बोटात निघाली. हॅडलीने लग्न मोडलं. तेव्हापासून पॅड्युका गावात जो तो तिच्याशी आवाज उतरवून बोलत होता. नॅशव्हिलच्या ब्रॉडवेवर, त्या गाण्याबजावण्याच्या बारांच्या रस्त्यावर, पाऊल ठेवलं की काय दिसणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दर दहा पावलांवर पांढऱ्या टोपीतली एक नवरी आणि तिच्यामागे गुलाबी टोप्यांचा कालवा. तिथे आपल्याला रडू फुटलं तर आजीच्या आनंदावर विरजण पडेल, याचीच तिला धास्ती. म्हणून बाग, म्हणून चहा. ब्रॉडवेचं नावही तिने बेतात येऊ दिलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. आजीची मैत्रीण ओलिटा हिचा मजकूर होता.

"पोरींनो, ट्रॅक्टरवाला पटला! शनिवारी भर दुपारी ब्रॉडवेवर तीन चकरा, मागच्या ट्रॉलीत आपण. गायला माइकसुद्धा देतोय मेला. पांढरे बूट आले, नऊ नंबर. हॅडलीला पत्ता लागू देऊ नका."

हॅडलीने कपाळावर हात मारला. नवरीला वगळून एक गुपचूप ग्रुप काढायचा, हे तर सगळेच करतात. इथे म्हाताऱ्यांनी करवलीलाच वगळलं होतं, आणि ओलिटाने तिथला मजकूर नेमका इथे टाकला होता.

"ओलिटाबाई, पत्ता लागला," तिने लिहिलं. "आणि ते बूट परत करा. नवरीशिवाय पांढरं कुणी घालत नाही, आणि आजीचा पाय साडेपाचचा आहे. नऊ नंबर माझा."

बाकीच्या दोघी मैत्रिणींनी विषयच बदलला. मॅक्सीनने आपल्या मांजराचा फोटो टाकला. बर्नाडीनने लिहिलं, "आज हवा किती छान आहे, नाही?"

दहाव्या मिनिटाला आजीची गाडी दारात येऊन थांबली.

"त्या ओलिटाच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ!" आजी दार ढकलून आत येत म्हणाली.

"आजी, बूट माझ्या मापाचे का?"

"तुझ्याच पायात घालायचेत म्हणून."

"चेष्टा पुरे. नवरी तू आहेस."

आजीने खुर्ची ओढली आणि नातीच्या समोर बसली. "तू लग्न मोडलंस तेव्हा गावाने काय केलं, आठवतं? घरोघरून डबे आले. बटाट्याचे, कोंबडीचे, मयताच्या घरी धाडतात तसे. तुझा फ्रीज उघडला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अगं, गेलं कोण? तसला नवरा गळ्यात पडता पडता पोर वाचली! अशा वेळी बँड लावायचा असतो. नुसतं 'चल, तुझ्यासाठी जाऊ' म्हटलं असतं, तर आली असतीस?"

"नसते आले," हॅडली म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि नेमकं हसूही येत होतं. माइक हातात घेऊन ट्रॉलीत उभी ओलिटा तिला दिसायला लागली होती. गेल्या सहा महिन्यांत तिला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. पण तिने मान हलवली. "तरी नाही, आजी. ही तुझ्या हक्काची मजा आहे. मी ती हिसकावून घेणार नाही. नवरीचा मान तुझा, पांढरे बूट तूच घालायचे."

"मला नाही चालत ते," आजी म्हणाली. तिने पर्समधून एक घडी घातलेला सरकारी कागद काढून नातीसमोर सरकवला. "मंगळवारी दुपारी मी आणि हार्लनने कोर्टात जाऊन लग्न उरकून टाकलं. आता आपल्या पाच जणींत बिनलग्नाची तू एकटी. माझं लग्न तर झालंसुद्धा, मग लग्नाआधीची पार्टी तुझ्याशिवाय कुणाची करायची?"