कापलेली बाजू

नीस्तोरने पिशवीतून लोकरी मोजा काढला आणि टेबलावर ठेवला. मोज्यात दगड होता.

"आयुष्यभर ज्यांच्यावर डोकं आपटलं, तेच दगड बघायला तिकीट काढलंत, भाऊजी?" टेबलामागून सवेता म्हणाली.

बाया मारे शहराचं क्रीडागृह दगडांच्या जत्रेने भरलं होतं. बास्केटबॉलच्या कडीखाली मोरोक्कोवाल्यांचे दगड झालेले किडे, पलीकडे पोलंडवाल्यांचा अंबर, म्हणजे दगड झालेली पिवळी राळ. माणसं भिंग आणि छोटी बॅटरी घेऊन वाकलेली. सवेताच्या टेबलावर मात्र इथलीच खाणीची फुलं, म्हणजे स्फटिकांचे झुबके. तिच्या नवऱ्याने, गाव्रिलने, एकेक करून घरी आणलेले. मधोमध लाकडी बैठकीवर सगळ्यांत मोठं: पांढऱ्या सुया, पोटात गुलाबी.

अर्धं.

दुसरं अर्धं मोज्यात.

खाणीत जोडीने काम करणाऱ्या दोघांना मिळून एकच फूल सापडलं तर वाटणी हातोड्याने. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. हे फूल सापडलं तेव्हा गाव्रिलने विचारलं होतं, राहू दे का अख्खं, एक वर्ष तुझ्याकडे, एक वर्ष माझ्याकडे. नीस्तोर म्हणाला होता, रीत ती रीत. हातोडा त्याच्याच हातात होता. त्या दिवसानंतर दोघं एकत्र काम करत राहिले, पण बोलायचे थांबले.

मागच्या हिवाळ्यात गाव्रिलने अंथरुणातून निरोप धाडला: तुझं अर्धं घेऊन ये, एकदा जोडून बघू. नीस्तोरने उलट कळवलं, तुझा कुत्रा चावतो.

वसंतात गाव्रिलला पुरलं. आता त्याची बायको फुलं विकायला बसणार, असं नीस्तोरच्या कानावर आलं होतं.

विकत घ्यायचं नव्हतं त्याला. विकायचंही नव्हतं. विकलं जायच्या आत एकदा जोडून बघायचं होतं.

त्याने तसं सांगितलं. सवेताने एप्रनला हात पुसले, बैठकीवरचं अर्धं उचललं आणि दोन्ही हातांत धरलं. नीस्तोरने आपलं मोज्यातून काढून जवळ नेलं.

बसेना.

त्याने फिरवून लावलं.

बसेना.

मग दिसलं. तिच्या दगडाला फुटलेली बाजू नव्हतीच. त्या जागी खिडकीच्या काचेसारखं सपाट.

"जावयाने करवतीवर कापून आणलं," सवेता म्हणाली. "उभं राहत नव्हतं ना. लवंडलेल्या दगडाकडे गिऱ्हाईक बघत नाही. तुम्ही येणार हे माहीत असतं, तर..."



तेवढ्यात एक जर्मन वाकला. भिंगातून दोन्ही तुकडे पाहिले आणि मोडक्यातोडक्या भाषेत सुचवलं की हाही कापून घ्या, जोडी छान दिसेल. नीस्तोरने आपल्या दगडावर मोजा ओढला. जर्मन पुढच्या टेबलाकडे सरकला.

"कापून उरलेली चकती?"

सवेताला आठवायला वेळ लागला. अंगणात असेल, म्हणाली. कोंबड्यांच्या दाण्याच्या डब्यावर वजन म्हणून ठेवली होती. पोरांनी हलवली नसेल तर तिथेच.

चकतीची एक बाजू सपाट असणार. दुसरी नाही, ती हातोड्याने फुटलेली.

नीस्तोरने मोज्याला गाठ मारली. पिशवी खांद्याला लावली. चार पावलं गेला, परत आला.

"उद्या सकाळी येतो. कुत्रा बांधून ठेव, वहिनी."

सवेता दगड बैठकीवर ठेवत होती. तो लगेच उभा राहिला, जरासाही डुगडुगला नाही.

"कुत्रा कधीच मेला, भाऊजी. तुमचा निरोप आला तेव्हा अंगणात कुत्रा नव्हताच." तिने दगडाचं तोंड गिऱ्हाइकांकडे वळवलं. "ह्यांना निरोप सांगितला तर केवढे हसले. म्हणाले, एवढंच कारण सापडलं का त्याला? म्हणजे येतोय तो. त्या रात्री दाराला कडी घालू दिली नाही मला."