टाकीतल्या माशांची साक्ष

म्हाताऱ्याचं खाणं वाढलं होतं आणि अंगाला मात्र काही लागत नव्हतं.

"दोघांचा डबा एकटे संपवतात, वर दिसतात वाळल्या शेंगेसारखे," मालकीणबाई लेकाला म्हणाल्या. "माझ्या हातच्या अन्नाची बदनामी आहे ही. लोक म्हणतील, बायको उपाशी ठेवते."

"आई, बाबांचं राहू दे. पेंडीचं बोल."

पेंडीवरून मायलेकाचं महिनाभर वाजत होतं. माशांच्या खाद्याची ही गिरणी बाईंनी स्वतःच्या हिमतीवर उभी केली होती. सही करताना हात अडखळायचा, पण पेंड चिमटीत धरली की ती कुठल्या घाण्याची, हे त्या डोळे मिटून सांगत. यंदा गोदाम गळलं, शेंगदाण्याची पेंड ओली झाली आणि तिच्यावर हिरवी बुरशी धरली. लेक म्हणाला, फेकून देऊ. बाईंनी ती उन्हात घातली, झाडूनपाखडून घेतली आणि गिरणीत लोटली.

"बुरशी गेली तरी विष मागे राहतं म्हणतात," लेक आजही म्हणाला.

"म्हणणाऱ्याचं काय जातं? टाकी काय म्हणते ते बघ."

टाकी म्हणजे गिरणीच्या आवारातला सिमेंटचा हौद. नवा माल आधी आपल्या माशांना, मग गिऱ्हाइकाला, हा बाईंचा नेम. शितावरून भाताची परीक्षा. रोज सकाळी त्या स्वतः ओंजळभर खाद्य टाकत आणि ताठ मानेने गिरणीत जात. मागे वळून पाहायची त्यांना सवय नव्हती. टाकीची साफसफाई म्हाताऱ्याने आपणहून अंगावर घेतली होती. डबाही तो तिथेच कठड्यावर बसून खायचा. "चला, कशाला तरी उपयोगी पडले," असं म्हणून बाईंनी तो विषय मिटवला होता.

आणि मासे तरी कसे? तुकतुकीत, गुबगुबीत. जणू बड्या घरचे जावई.

आज दारात ट्रक लागला होता. जुनं गिऱ्हाईक असलेला, मासे पाळणारा तळेवाला माल न्यायला आला होता आणि सोबत त्याची भाची होती, माशांची डॉक्टर.

"वहिनी, मागच्या खेपेला दुसरीकडचं स्वस्त खाद्य घेतलं आणि अर्धं तळं उलटं तरंगलं," तो म्हणाला. "यंदा तसं झालं तर मला तळी विकावी लागतील. तुमच्यावर भरवसा आहे, पण ही ऐकत नाही."

"आजी, बुरशीचं विष खाद्यात डोळ्यांना दिसत नाही," भाची म्हणाली. "माशाच्या यकृतात दिसतं. ते पिवळं पडतं, सुजतं."

"मग काप की! तुला आवडेल तो घे. हे मासे महिनाभर याच मालावर आहेत."

म्हातारा कठड्यावरून उठला. "अगं, पण..."

"तुम्ही जेवा!"

भाचीने जाळीने एक मासा काढला, फळीवर घेतला, पोट चिरलं. सगळे वाकून पाहू लागले. लेक सगळ्यांत पुढे होता.

"रंग छान आहे. सूज नाही, डाग नाही," ती म्हणाली. "इतकं निरोगी यकृत मी फार दिवसांनी पाहते आहे."

बाईंची मान आणखी एक बोट वर गेली. "ऐकलंस?" त्या लेकाला म्हणाल्या. "मी दुसरीत शाळा सोडली, पण माझ्या माशाने पहिला नंबर काढला. चढवा रे पोती!"

हमाल पोती उचलू लागले. तळेवाल्याने हात जोडले. "वहिनी, तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत."

"ते आहेच मुळी," बाई म्हणाल्या.

"थांबा जरा," भाची म्हणाली. तिने माशाचं आतडं उघडलं होतं आणि सुरीच्या टोकाने काहीतरी बाजूला सारत होती. मग तिने दुसरा मासा काढला. तोही चिरला.

"आजी, यांच्या पोटात तुमचं खाद्य नाहीच. भात आहे."

सगळ्यांच्या माना कठड्याकडे वळल्या. म्हाताऱ्याने डब्याचं झाकण हळूच लावलं.

"खाद्य तोंडात घ्यायचे आणि थुंकायचे," तो पुटपुटला. "पहिल्या दिवसापासून. वर येऊन माझ्याकडे बघत राहायचे. उपाशी कसं ठेवू? तुझं खाद्य रोज जाळीने काढून टाकत होतो. सांगणारच होतो तुला."

"कधी?"

"तू जरा खुशीत असताना."

लेकाने तोंड फिरवलं. हमाल पोती खांद्यावर घेऊन तसेच उभे राहिले.

बाईंनी कमरेवर हात ठेवले. "उतरवा," त्या हमालांना म्हणाल्या. "एकूण एक पोतं उतरवा आणि खोल खड्ड्यात पुरा. कोंबडीच्या चोचीला लागता कामा नये." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. त्यांची मान तसूभरही खाली आली नव्हती.

"माझी टाकी पहिल्याच दिवशी खरं बोलली होती. भात घालून तिचं तोंड बंद केलंत ते तुम्ही!"