बिनधुराचा जाळ

धारूरच्या डोंगरात शेळ्या चारणारा म्हातारा शहादेव चहासाठी जाळ करायचा तो दोन खड्ड्यांचा. एका खड्ड्यात वाळक्या काटक्या, दुसरा मोकळा, आणि मातीखालून दोघांना जोडणारं हातभर बीळ. मोकळ्या खड्ड्यातून वारा आत शिरायचा, जाळ लखलखायचा आणि डोळ्याला धूर म्हणून लागायचा नाही.

"नाना, हे कुणी शिकवलं तुमाला?" शेजारच्या वाडीच्या समाधाननं कप खाली ठेवत विचारलं.

"कुणी न्हाई. मुक्ता गेल्यावर सुचलं. लई उशिरा सुचलं."

त्याच्या बायकोचा, मुक्ताबाईचा, सगळा जन्म चुलीपुढं फुंकण्यात आणि खोकण्यात गेला होता.

समाधान आपली जनावरं घेऊन डोंगर उतरला. दिवस कलला तसा वारा पडला. कुसळाचं टोकसुद्धा हलेना. जाळ मात्र खाली बसेना. तो उसळायचा, दबायचा, पुन्हा उसळायचा. दोन तोकड्या फुंका आणि मागून एक लांब.

असं फुंकणारं माणूस शहादेवनं जन्मात एकच पाहिलं होतं.

"कोण हाय?"

शेळ्या रवंथ करायच्या थांबल्या.

त्यानं मोकळ्या खड्ड्यात हात घातला आणि बिळाच्या तोंडावर तळवा दाबून धरला. हाताला ऊन, ओलसर वाफ लागली. वाट बंद झाली तसा जाळ गुदमरला, काटक्या काळ्या पडल्या आणि त्या खड्ड्यात पहिल्यांदाच धूर कोंडला.

तळव्याखाली, मातीच्या आत, कुणीतरी खोकलं.