गाढवाची सुनावणी

"हात धुऊन आलात ना?" शिपायानं विचारलं.

"काल खिमा नेलात तेव्हा नाही विचारलंत," खाटीक म्हणाला.

शिपायानं घाईघाईनं इकडेतिकडे पाहिलं. कुणी ऐकलं नव्हतं. मग त्यानं आवाज चढवला आणि भिंतीलगतच्या डुगडुगणाऱ्या बाकाकडे बोट केलं. "तिकडे बसायचं. पुकारल्याशिवाय उठायचं नाही."

त्या बाकावर कोण बसतं हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. खाटीक जाऊन बसला, अगदी ऐसपैस. बायको शेजारी अंग चोरून टेकली.

जनावरांशी क्रूरपणे वागणाऱ्यांच्या तक्रारी या कार्यालयात ऐकल्या जात. खाटीक इथे पहिल्यांदाच आला होता आणि कुणालाही त्याचं नवल वाटलं नव्हतं. इतके दिवस हा सुटला कसा, एवढंच काय ते नवल.

समोर पंख्याखाली गादीच्या खुर्चीत माई बसल्या होत्या. भटक्या, जखमी जनावरांचा निवारा चालवणाऱ्या माईंना सारं शहर मानायचं. बरोबर दहाबारा माणसं, प्रत्येकाच्या छातीवर निवाऱ्याचा बिल्ला. शिपायानं न मागता त्यांना चहा आणून दिला.

"हाच तो," एक बिल्लेवाली कुजबुजली. कुजबुज अशी की खालच्या मजल्यावर ऐकू जावी. "फाटकावर म्हणाला, गाढव सोडवायला आलोय. कुत्र्यांसाठी हाडं आणून देणारा ओळखीचा माणूस. रखवालदाराला वाटलं, पाळायला घरी नेतोय. आणि पिशवीत बघतात तर काय, सुरी!"

"खोटारडा मेला!"

"खोटं नाही बोललो," खाटीक जागेवरूनच म्हणाला. "सोडवायलाच गेलो होतो."

बिल्लेवाल्यांच्या अंगावर काटा आला. एकीनं कप खाली ठेवला.

"अहो, गप्प बसा ना," बायको दबक्या आवाजात म्हणाली. "महिनाअखेर परवाना संपतोय. नगरपालिकेत माईंचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. दुकान गेलं तर करणार काय तुम्ही? भजनं म्हणणार? सूर तरी आहे का गळ्यात?"

तिचं खरंच होतं. दुकान आजोबांनी टाकलेलं. सुरीशिवाय दुसरं काही या माणसाला येत नव्हतं. पण सुरी मात्र येत होती. रोज सकाळी तो दगडावर धार लावायचा आणि ती अंगठ्याच्या नखावर तपासायचा. एका जनावराला दुसऱ्याचं मरण दिसू नये म्हणून त्यानं मध्ये जाड पडदा लावला होता. डोळ्यांवर तळवा ठेवायचा, मानेवरून हात फिरवायचा, आणि जनावराची धडधड शांत झाल्याशिवाय सुरी उचलायची नाही. आपली घाई जनावराला कळता कामा नये, असं बापानं शिकवलं होतं. लोक खाटीक म्हणून नाक मुरडायचे. मुरडू देत. मारतो ते उजेडात मारतो, असं तो म्हणायचा.

माई उठून त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. बाई वाईट नव्हती. डोळे खरोखर भरून आले होते.

"दादा, अजून वेळ गेलेली नाही. माझं चुकलं, एवढं लिहून द्या. इथेच विषय मिटवू. तुमच्या परवान्याबद्दलही कुणी ब्र काढणार नाही."

"काय चुकलं माझं?"

"मुक्या जिवाच्या जगण्यामरण्यात तुम्ही पडायला नको होतं."

"माई, माझा धंदाच तो आहे."

"अहो, मी त्याला रोज माझ्या हातानं भरवते. मान उचलून बघतं ते माझ्याकडे."

"माझ्याकडेही बघितलं त्यानं," खाटीक म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "म्हणून तर इथवर आलो."

"माझ्या हातून आजवर एक मुंगी मेलेली नाही."

"ठाऊक आहे."

"मग कशाला हा हट्ट?"

बायकोनं त्याची बाही ओढली. "द्या ना लिहून. दोन ओळींनी काय हात झिजणार आहेत तुमचे?"

"या दोन ओळींनी झिजतील," तो म्हणाला. "दुकानाला कुलूप लागलं तर लागू दे. पण माझं चुकलं असं मी लिहिणार नाही. आज नाही आणि परवाना फाडून हातात दिला तरी नाही."

माई मान हलवत परत गेल्या. "दगड आहे नुसता," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांना ते पटलं.

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि अधिकारी मॅडम फाइल घेऊन आल्या. सगळे उभे राहिले. मॅडमनी हातानंच बसायची खूण केली, चष्मा लावला आणि कागद वाचायला घेतला.

"पाठीचा कणा मोडलेलं एक गाढव. जखमांत किडे पडलेले. आता सुटका करा, असं डॉक्टरांनी दोनदा लिहून दिलेलं. तरीही निवाऱ्याच्या प्रमुख बाईंनी ते त्रेचाळीस दिवस तसंच जिवंत ठेवलं, आणि अजून ठेवलंय. क्रूरतेची तक्रार त्यांच्याविरुद्ध आहे." त्यांनी चष्म्यावरून खोलीभर पाहिलं. "तक्रारदार कोण?"

खाटीक उठून उभा राहिला.