आवडीच्या पडवीतलं चाक

कुडाच्या फटीला डोळा लावून सुंदरा उभी होती. भर दुपारची वेळ. आवडीच्या पडवीत घरघर चालली होती आणि मधूनच सुंदराच्या नवऱ्याची धाप ऐकू येत होती. आज काय तो सोक्षमोक्ष लावायचाच, असं ठरवून ती चूल तशीच टाकून आली होती.

तिचा नवरा सदू खोपोलीच्या पावरहाऊसात खलाशी, म्हणजे यंत्रांपाशी राबणारा मजूर, होता. पाळी सुटली की घरी यायचं सोडून तो आवडीकडे जाई. आवडीचा नवरा रेल्वेत टर्नर होता. वारला तेव्हा पडवीत एक जुनी लेथ, धातू कातायचं यंत्र, मागे ठेवून गेला. त्या लेथवर सदू कर्जतच्या भातगिरण्यांसाठी काशाचे बुश कातून देतो, हे साऱ्या वाडीला ठाऊक होतं. गिरणीचा दांडा ज्या जाड कड्यात फिरतो, तो बुश. सदूमिस्त्रीच्या हातचा बुश बसवला की गिरणी कुरकुरत नाही, असं गिरणीवाले म्हणत.

सुंदराला त्या बुशाचं काडीचं कौतुक नव्हतं. विहिरीवर बायका तिला हसून विचारत, घरात नवीन पाट कधी लागतो? आवडी विधवा असली तरी त्यांच्या जातीत विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागत असे. सुंदराच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. उद्या सदूने आवडीला घरात आणलं असतं, तर पंचांनी वर त्याचंच बरोबर म्हटलं असतं. सवत येणार, या धास्तीने सुंदराला घास गोड लागत नव्हता. आवडीचं सगळंच तिला खुपे. तिचं ताठ चालणंही खुपे.

फटीतून दिसलं ते मात्र भलतंच. हत्यार आवडीच्या हातात होतं. पदर खोचून ती लेथवर वाकली होती, आणि सदू पलीकडे मोठं लाकडी चाक दोन्ही हातांनी फिरवत होता. त्या चाकाच्या पट्ट्यावर लेथ फिरत होती.

"हळू रं," आवडी म्हणाली. "कासं हाय ते, लाकूड नाय."

सदू मुकाट हळू झाला. घरी पाण्याचा तांब्याही हातात मागणारा हा गडी.

सुंदरा वाट पाहत राहिली. आता ही हसेल, आता तो जवळ जाईल. कोणी हसलं नाही, कोणी जवळ गेलं नाही. आवडी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. तिची नजर लेथवरच्या गोळ्यावर होती. गोळा नारळाएवढाच, पण उचलणाऱ्याची कंबर धरील असा जड. वरून काळा, ओबडधोबड. हत्यार टेकलं की पिवळा चुरा उडे आणि खालचं उजळ अंग बाहेर येई. हे बघून सुंदराचा जळफळाट निवायला हवा होता. तो वाढला. का वाढला ते कळेना, म्हणून ती आणखीच चिडली आणि दार ढकलून आत शिरली.

सदूचे हात चाकावरून सुटले. त्याने एका दमात सगळं ओकून टाकलं. नवऱ्याचं चाक फिरवता फिरवता आवडी काम शिकली होती. पण बाईच्या हातचा बुश म्हटला की गिरणीवाले हात लावणार नाहीत, म्हणून नाव सदूचं. कुठे बोलू नकोस, असं तो पुन्हा पुन्हा विनवू लागला.

"तुजा नवरा तुला लखलाभ गं, सुंदरा," आवडी म्हणाली. "मला चाकाला मानूस पायजे. नवरा नको."

यावर भांडायचं काय? तरी सुंदराचा पाय निघेना. शेवटी तिने सदूला सांगून टाकलं की उद्यापासून चाक ती फिरवणार. सदूने मान डोलावली. बायको पहारा ठेवतेय, ठेवू दे बापडी, आपल्या दंडांची मेहनत तरी सुटली, असा त्याने हिशेब केला.

चाक कसं फिरवायचं ते सुंदराला शिकवावं लागलं नाही. जन्म जातं ओढण्यात गेलेला. जात्याला हिसका बसला की पीठ भरड पडतं, हे तिच्या हातांना पाठ होतं. काशालाही हिसका सोसत नाही. हत्यार उडतं आणि बुशाच्या अंगावर वळ उठतात. सदू चाकावर असला की असे वळ उठत, आणि मग आवडी ते घासत बसे. सुंदराच्या चाकावर एकही उठला नाही. आवडीने तयार बुशावरून बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं. नवरा होता तेव्हा आपल्या हातूनही असं चाक फिरलं नव्हतं, असं ती सरळ बोलून गेली.

ही गोष्ट सदूच्या कानावर गेली आणि त्याचं तोंड उतरलं. मग तो काही ना काही निमित्त काढून आवडीच्या दारात घुटमळू लागला. एक दिवस त्याला राहवलंच नाही. तो आत आला आणि बायकोला म्हणाला, संशय फिटला ना तुझा? मग घरी चल. चाक माझं मी बघतो.

सुंदराने चाक थांबवलं. घाम पुसला आणि नवऱ्याला हाताने धरून चाकापाशी उभं केलं.

"ह्यांना तूच ठेव चाकाला, आवडीबाय," ती म्हणाली. "मला ते हत्यार धरायला शिकीव."