जोडीदाराची सही

समरजीतने निळी वही उलटून-पालटून पाहिली आणि विचारलं, "वहिनी, ही वही आहे कोणाची?"

"लांबच्या नात्यातल्या एकाची," सीमंतिनी म्हणाली. सख्ख्या नवऱ्याला लांबच्या नात्यात ढकलताना तिला कसंसंच झालं, पण इलाज नव्हता.

समरजीत पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवायचा आणि वर्षातून एकदा हौशी मंडळींना अंदमानला घेऊन जायचा. समुद्राच्या पोटातलं काही विचारावं असा दुसरा माणूस तिला ग्वाल्हेरात ठाऊक नव्हता. सीमंतिनी मुळातच चौकस. पुडीच्या कागदावर अर्धी बातमी वाचली की उरलेल्या अर्ध्या बातमीसाठी तिचा जीव वरखाली व्हायचा. ही वही तर नवऱ्याच्या, यशोधनच्या बॅगेत, अस्तराच्या आतून निघाली होती.

समरजीतने एकेक रकाना समजावून दिला. हवेची टाकी पाठीला बांधून उतरणारे लोक प्रत्येक डुबकीची नोंद ठेवतात. जागा अंदमानातलं स्वराजद्वीप, खोली बारा मीटर, पाणी अठ्ठावीस अंश, वेळ चाळीस मिनिटं. पुढे शेरा, आणि शेवटी एक सही.

"ही जोडीदाराची," तो म्हणाला. "खाली एकटं कोणी जात नाही, वहिनी. आपली हवा संपली तर ज्याच्या टाकीतून घ्यायची, तो जोडीदार. पूरा जीव त्याच्या भरवशावर. त्याची सही नसेल तर आमच्यात ती डुबकी गिनतीतच नाही."

तीन वर्षांत अकरा डुबक्या होत्या. दहांपुढे एकच सही होती. पेन न उचलता काढलेलं वेटोळं आणि शेवटी वर वळलेली शेपटी. अक्षर म्हणून एक ओळखू येईल तर शपथ. अकरावी डुबकी गेल्याच महिन्यातली, तिच्यापुढची जागा कोरी होती. निघायच्या गडबडीत राहिली असेल, असं समरजीत म्हणाला.

सहीचं एक वेळ सोडा. शेऱ्यातलं अक्षर यशोधनचं होतं आणि ते शेरे सीमंतिनीला आता पाठ झाले होते. 'प्रवाळाच्या भिंतीशी पोपटमासे. ती इतकी हसली की तिच्या मास्कमध्ये पाणी शिरलं.' 'कासव दिसलं. ती त्याच्यामागे निघाली, वर यायला तयारच होईना.' 'इतकं मोकळं तिला कधी पाहिलं नव्हतं.'

परत येताना महाराज बाड्याच्या चौकापर्यंत ती टेंपोने आली. बाजूच्या बाईने दोनदा सरकायला सांगितलं तेव्हा कुठे तिला ऐकू आलं.

यशोधन दर जानेवारीत कंपनीच्या कामाने चेन्नईला जायचा. गाडी नागपूरवरूनच जाते, म्हणून जाताना आईला तिथे उषामावशीकडे सोडायचा आणि येताना घेऊन यायचा. असा मुलगा नशिबाने मिळतो, असं जयेंद्रगंजातल्या बायका म्हणत आणि सीमंतिनीलाही ते पटायचं. आता तेच आठवून तिचा तिळपापड झाला. आईला मावशीकडे ठेवायचं आणि पुढे आपण मोकळे!

आणि तिने मात्र त्याच आईला तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. चार वर्षांपूर्वी अनसूयाबाई न्हाणीत घसरल्या आणि गुडघे धरून बसल्या. तेव्हापासून सीमंतिनीने त्यांना पाण्याची घागर उचलू दिली नाही, एकटीने बाड्यावर जाऊ दिलं नाही. वाकायला नको म्हणून उंबऱ्यासमोर रांगोळीचा स्टिकर आणून चिकटवला. जिना चढताना हात ती धरायची, उतरतानाही तीच. नागपूरला पाठवतानासुद्धा दहा सूचना लिहून द्यायची. तरी बाई दर खेपेला रापून यायच्या. विचारलं की म्हणायच्या, "मावशीच्या गच्चीवर ऊन फार."

घरी आली तेव्हा यशोधन ऑफिसातून यायचा होता. अनसूयाबाई खिडकीशी मटार सोलत होत्या. सीमंतिनीने वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि घडाघडा सगळं सांगून टाकलं. बॅग, अस्तर, अंदमान, ती हसणारी, ती कासवामागे जाणारी.  चौदा वर्षांच्या संसारात त्याने तिला एकदाही समुद्र दाखवला नव्हता.

"मी आज इंदूरला माहेरी जायची गाडी पकडते," ती म्हणाली. "पण त्याआधी मला सही-सही कळलं पाहिजे आई, ही आहे कोण. तुम्हाला माहीत असेल तर लपवू नका. तुम्हाला माझी शपथ."

अनसूयाबाईंनी हात पदराला पुसले आणि चष्मा लावला. वही त्यांनी पहिल्या पानापासून वाचली. सीमंतिनीला वाटलं होतं, त्या मुलाला चार शब्द सुनावतील. पण पोपटमाशांपाशी त्यांच्या ओठांचा कोपरा हलला आणि कासवाच्या पानावर तर त्या उगाचच रेंगाळल्या. आपल्या पोराचंच कौतुक शेवटी, असं सीमंतिनीच्या मनात आलं आणि तिला फार एकटं वाटलं.

"तो वाईट नाही गं," त्या हळूच म्हणाल्या. "भित्रा आहे. तुला भितो."

"मला? मी काय केलंय?"

 शेवटच्या पानावर येऊन त्यांनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि पेन मागितलं. लेकाला चिठ्ठी लिहिणार असतील, असं समजून सीमंतिनीने ते दिलं.

"हे गडबडीत राहूनच गेलं," अनसूयाबाई म्हणाल्या, आणि पेन न उचलता त्यांनी एक वेटोळं काढून त्याची शेपटी वर वळवली.